शिरगणतीतली तिसरी

(शिंप्याचं दुकान, मागे घर. कॅन्सर नोंदणी कचेरीतल्या बाई स्टुलावर बसलेल्या. शिंप्याची मुलगी आतल्या दारात.)

बाई : मशीन जरा थांबवता का?

शिंपी : ऐकतोय मी. हात चालू असले की कान बरे चालतात माझे. तुमचं म्हणणं, दवाखान्यात आमची ही वारली आणि जनगणनेत जिवंत आहे.

बाई : हो. दवाखान्याच्या आणि जनगणनेच्या नोंदी आम्ही आता एकमेकींना जोडून बघतो. दवाखान्याला आजार माहीत असतो; माणूस काय काम करायचा, ते जनगणनेत असतं.

शिंपी : मग जोडा की.

बाई : त्या गेल्यानंतर जनगणना झाली, तरी या घरात माणसं तीन. कॉम्प्युटरला वाटतं, या दोन वेगळ्या बायका. तो त्यांना बाजूला टाकतो.

शिंपी : गणतीवाल्याचा चष्मा तपासा आधी.

मुलगी : बाबा, त्यांनी विचारलं आणि तुम्ही ‘तिघं’ म्हणालात. मी आत भांडी विसळत होते.

शिंपी : मग बाहेर येऊन बोलली का नाहीस?

मुलगी : बरं वाटलं ऐकून. म्हटलं, राहू दे.

शिंपी : बाई, ठरवून नाही हो बोललो. इतकी वर्षं तेच उत्तर दिलेलं, तोंडाला सवय. मग त्यानं तिचं वय विचारलं, काम विचारलं, मी सांगत गेलो. तेवढा वेळ ती घरात होती. मागे फिरवेना.

बाई : कळतंय मला.

शिंपी : मग असू द्या ना तशीच. एका बाईनं तुमच्या आकड्यांचं काय बिघडतंय?

बाई : त्या कामाला होत्या त्या कापड कारखान्याच्या रंगखात्यातल्या बायका कॅन्सरनं जास्त जाताहेत, असं आम्हाला वाटतंय. पण नुसतं वाटून भागत नाही, दाखवावं लागतं. मुळात बायका मोजक्या. एक जरी गळली तरी मालक म्हणणार, योगायोग.

शिंपी : योगायोग. नखं निळी असायची तिची. साबणानं घासून कातडं सोलवटायचं, निळं जायचं नाही. आणि मी चेष्टा करायचो, नवऱ्याला न विचारता नेलपॉलिश लावतेस म्हणून. हसायची बिचारी.

मुलगी : मावशी अजून तिथंच जाते, बाई. त्याच रंगाच्या हौदावर.

शिंपी : सोड म्हणून सांगून थकलो. ती म्हणते, ताईचं नशीब.

बाई : मला तो प्रश्न पुन्हा विचारावा लागेल. ज्यांनी आधी सांगितलं, त्यांनीच उत्तर द्यायचं.

मुलगी : मी सांगितलं तर नाही चालणार?

शिंपी : नको पोरी. मोजली मी, खोडायचीही मीच. विचारा बाई.

बाई : गणतीच्या दिवशी या घरात कोण कोण राहत होतं?

शिंपी : मी.

बाई : सावकाश सांगा.

शिंपी : मी. आणि ही पोरगी.

बाई : दोघं.

शिंपी : तो आकडा तुम्हीच म्हणा. मला नाही जमायचं.

बाई : लिहिला.

शिंपी : आणि तिचं काम? तेही खोडलंत?

बाई : नाही. ते आता त्यांच्या आजाराशेजारी बसेल. त्यासाठीच तर आले.

शिंपी : मग नीट लिहा. रंगखातं. हौदावर.

मुलगी : चहा टाकते मी. बाई, घेणार ना?

शिंपी : घेतील. तिघांचा टाक.