राक्षसाच्या आईने भरलेली ओटी

हसू नका, पण रत्नागिरीच्या बोर्डाच्या शाळेत असताना मी राजपुत्र झालो होतो. तपासणीला डिपोटीसाहेब येणार म्हणून मास्तरांनी स्वतःच नाटक रचलेलं. राजकन्या सासरी निघते, वाटेत राक्षस तिला पळवतो, आणि मी तलवार नाचवत येऊन तिला सोडवतो. त्या तलवारीच्या नाचासाठी मी पावसाळाभर आमची पडवी तुडवली होती.

राजकन्या झालेला गोविंदा लुगडं सावरत निघाला, तोच प्रेक्षकांतून राक्षसाची आई उठली. म्हणजे राक्षस झालेल्या बाबल्याची आई, बंदरावर मासळी विकायची ती.

"मास्तर, पोर सासरी निघाली आणि ओटी भरायची नाय?"

पडद्यापुढचा पूजेचा नारळ उचलून तिने तो सरळ गोविंदाच्या पदरात घातला. तेवढ्यात आरोळी ठोकत बाबल्या आला.

"मागे हो, बाबल्या! आता ही माझी लेक. हात लावलास तर घरात घेणार नाय."

"आये, पण मास्तर मारतील!"

"मास्तरांना मी बघते. तू हिला नीट सासरी पोचव."

बाबल्याने मुकाट्याने नारळ घेतला आणि राजकन्येला पोचवून आला.

डिपोटीसाहेब टाळ्या वाजवत उठले. "वा मास्तर! राक्षससुद्धा सुधारला!"

मास्तरांनी लगेच पडदा पाडला. मी आत तलवार उपसून उभाच.

माझी आई गुरं शेजारणीवर सोपवून मुद्दाम नाटकाला आली होती. घरी जाताना म्हणाली, "नाटक झकास झालं हो. पण मास्तरांनी तुला का रे नाय घेतला?"