अमृतसरचं एक तिकीट

औरंगाबाद स्टेशनात तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी आणि तिचा लेक उभे होते.

“माय, अमृतसर म्हंजे काय गंगापूर हाय का? दीड दिवस गाडीत बसावं लागंल.”

“बसीन. शेंद्र्यात टँकरची वाट बघत दोन-दोन दिवस बसतेच की.”

“अन् तुझे गुडघे?”

“ते बी येतील संगं.”

“गुरुद्वाराच बघायचा तर मागल्या महिन्यात नांदेडला नेलं व्हतं ना? सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवलीस.”

“जेवले. मंग पाणी वाढायला उठले, तर तूच हात धरून खाली बसवलंस.”

“अनोळखी माणसं, माय. कुनी कायतरी बोललं असतं.”

“तिथं कुनी जात इचारली व्हती?”

“नाय.”

“मंग तू कशाला भ्यालास? बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली, राजेंद्र. पाणी वाटणारी बाई वरून ओतायची अन् मी ओंजळीनं प्यायची. तिच्या घागरीला कधी हात लावू दिला नाय.”

“लई जुनं झालं ते.”

“जुनं झालं असतं तर नांदेडला माझा हात धरला नसतास.”

“बरं, चुकलं माझं. पर तिथं जाऊन करशील काय?”

“बादली घेऊन उभी राहीन. शेवटचा मानूस पाणी पिईस्तोवर बसनार नाय.”

“मंग मी बी येतो. कंपनीत रजा टाकतो.”

खिडकीतून आवाज आला, “किती तिकिटं?”

“दोन.”

“एकच द्या, सायेब. ह्यो परत हात धरंल.”