पत्त्यावर मिळून आला नाही

सदाशिव विठोबा घाडी, हे नाव आधी लिहा, पूर्ण लिहा, कारण सगळं या नावावरच आहे. आम्ही मूळचे कणकवलीकडचे. बाप गिरणीत साच्यावर, कापड विणायला होता, गिरण्या बसल्या तशी परळची खोली विकून आम्ही वाकोल्यात आलो, आणि मी शिलाई शिकलो. दुकान घराजवळ नव्हतं, लांब एका पोलीस ठाण्यासमोर मिळालं. ठाण्याचं नाव मी सांगणार नाही, विचारू नका, ही रीत काय एकाच ठाण्यात होती असं नाही. पाटीवर नुसतं ‘युनिफॉर्म टेलर’. खाकी शिवायची, बढती झाली की बाहीवर फिती लावायच्या, पोट सुटलं की पँट उसवून द्यायची. सगळे मला मास्तर म्हणायचे. माझं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं, आणि त्याचाच मी पुढे फायदा घेतला.

आता पंच म्हणजे काय, ते सांगतो. पोलिसांनी कुठे काही जप्त केलं की दोन बाहेरची माणसं समोर लागतात, आम्ही हे डोळ्यांनी बघितलं म्हणून सही करायला. पण खरी बाहेरची माणसं कोर्टाचा फेरा नको म्हणून पळतात. मग ठाण्यासमोरचे आम्ही, मी आणि बाजूचा पानवाला. जगताप म्हणून शिपाई होता, तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, मास्तर, एक सही मार रे, की मी मशीनवरचा पाय न काढता सही करायचो. किती केल्या, काय सांगू तुम्हाला. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही. आता आठवलं की स्वतःच्या बोटांची किळस येते.

एक दिवस बाजारात मासळीच्या टेम्पोवरचा पोरगा मारला. नितीन नाव, खारदांड्याचा कोळी, चोवीस वर्षांचा. टेम्पो कुठे लावायचा यावरून तिघांनी लोखंडी सळईने मारला, भर सकाळी. दोन दिवसांनी तिघे सापडले. जगताप दुकानात आला, म्हणाला, मास्तर, चल कांजूरमार्गला, आरोपी सळई काढून देतोय. मी म्हटलं, तिकडे खाडीच्या वासात कोण येतो, आणि उद्याच्या परेडचे सहा ड्रेस पडलेत बघ. तो म्हणाला, बरं, तू ड्रेस शिव, मी कागद घेऊन येतो. संध्याकाळी आला. कागदावर लिहिलं होतं की आरोपीने आम्हा पंचांसमक्ष घरामागून सळई काढून दिली. मी सही केली. पानवाल्याने चुना लागलेल्या बोटांनी केली.

आणि सळई खरोखर तिथेच मिळाली होती हो! जगतापने मला नंतर शपथेवर सांगितलं. खरी गोष्ट होती, मी नाक दाबून दोन तास गेलो असतो तर खरीच राहिली असती. मी न जाऊन ती खोटी केली.

मग समन्स यायला लागली. ती बजावायला पुन्हा जगतापच. त्याला भीती, वकिलाने मला उलटतपासणीत सोललं तर माझ्या सगळ्याच सह्या उघड्या पडतील, त्याची नोकरी जाईल. मला भीती माझी. मग तो दुकानात बसून माझा चहा प्यायचा आणि माझ्याच काउंटरवर शेरा लिहायचा, सदर इसम दिल्या पत्त्यावर मिळून आला नाही. हसायचा वर. मास्तर, तू तर गायब माणूस, म्हणायचा. मीही हसायचो. तारीख पुढे. मग न्यायाधीश बदलले, मग फाईल सापडेना, मग सरकारी वकील बदलले, मग पुन्हा मी मिळून आलो नाही. त्या एका केसमध्ये मी जगतापच्या बाहीवर दोनदा फिती लावल्या आणि शेवटी खांद्यावर तारा लावला, म्हणजे हिशेब करा किती वर्षं ते. पानवाला मेला. तिघांतला एक दारूने मेला. दुसरा एवढा मोठा झाला की त्याचा हात जोडलेला फोटो माझ्याच दुकानावर लागला, वाढदिवसाचा.

आणि नितीनची आई, हिराबाई. ती मासळीची पाटी घेऊन कुठे येऊन बसली ठाऊक आहे? माझ्या दुकानाच्या पायरीशी. ठाणं समोर, चौकशी करायला बरं पडतं म्हणून. मीच म्हटलं बस. वर्षानुवर्षं तिच्याकडचे बोंबील खाल्ले मी. पायरी रिकामी दिसली की मला कळायचं, आज तारीख आहे. दुपारी यायची, म्हणायची, मास्तर, नाय झाला आज पण, तो पंच सापडत नाय. एकदा तिने मला विचारलं, मास्तर, तू इथला जुना, हा घाडी कोण रं, कुठं राहतो? मी दोऱ्याचं टोक दातात धरलं होतं. म्हटलं, गावी गेला असेल कोकणात. ती म्हणाली, त्याच्या पायावर डोकं ठेवीन, पण एकदा येऊ दे. मी काज करत राहिलो. लिहिलंत? तसंच लिहा, सौम्य करू नका.

मग जगताप रिटायर झाला, नवीन न्यायाधीश आले, त्यांनी वॉरंट काढलं. ते घेऊन एक तरुण बाई शिपाई आली, नाशिककडची, कुणाला ओळखत नव्हती. चहा विचारला तर नको म्हणाली. दारात उभी राहून मोठ्याने वाचलं, सदाशिव विठोबा घाडी कोण? मी म्हटलं, मी. हिराबाई पायरीवर पापलेट कापत होती. तिचा कोयता थांबला. वळून बघितलं तिने. ओरडली नाही, शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, ती सळई तू बघितलीस का रं? मी म्हटलं, नाही. मग तिने पाटी उचलली आणि गेली.

कोर्टात मी खरं सांगितलं, सही माझी, मी गेलो नव्हतो. खोटं बोललो असतो तर ते कदाचित आत गेले असते, हा विचार मनात आला नाही असं नाही. पण हिराबाई मागच्या बाकावर बसली होती. सरकारी वकिलाने मला फितूर म्हटलं. मारताना बघणाऱ्यांतला एक वारलेला, दुसऱ्याला इतक्या वर्षांनी चेहरे आठवेनात, सगळी केस त्या सळईवर उभी होती. सुटले दोघे. बाहेर हार आणले होते, पेढे वाटत होते, एकाने मलाही पेढा पुढे केला, घ्या काका.

मला वाटलं ती आता येणार नाही. चौथ्या दिवशी आली, त्याच पायरीशी पाटी ठेवली. माझं वय अठ्ठ्याहत्तर, सुईत दोरा जात नाही, पोरं म्हणतात दुकान बंद करा, पण मी करत नाही. कारण बाकी सगळे अजून मास्तर म्हणतात, ती म्हणत नाही. रोज सकाळी पाटी उतरवली की ती कोर्टात पुकारतात तशी तीनदा मला पूर्ण नावाने हाक मारते, अख्खी गल्ली ऐकते. सदाशिव विठोबा घाडी. देवाने तिला आयुष्य द्यावं, तिचा आवाज असाच राहावा. मी मशीन थांबवतो, उठून उभा राहतो आणि म्हणतो, हजर.