मोडकी क्लिप

हसू नका, पण परराज्यात, व्हाइटफील्डच्या ऑफिसात मी दोन वर्षं माझ्याच कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर पायानं ओढून काढत होतो. तिची क्लिप मोडलेली, जरा ओढली की सुटायची. नेट बंद पडलं की नेटवर्क बघणारा बसू यायचा. बसू निपाणीचा. अख्ख्या मजल्यावर माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच. टेबलाखाली शिरून वायर खोचता खोचता तो गावाकडचं सांगायचा, मी घरचं.

मग सगळीकडे वायफाय आलं, वायरी गेल्या आणि बसूला कंपनीच्या होसकोट्याच्या दुसऱ्या ऑफिसात बसवलं. पंधरा दिवस ऑफिसात माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द निघाला नाही. शेवटी मी ‘वायफाय चालत नाही’ अशी खोटीच तक्रार टाकली. बसूचा फोन आला.

"सर, मला इथनं दिसतंय की. सिग्नल फुल्ल आहे तुमचा."

मी तक्रार मागं घेऊन टाकली.

"खरं सांगा, ती वायर तुम्हीच काढत होता न्हवं?"

"हो रे. तुला कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात, सर. नवी क्लिप माझ्या खिशातच असायची."