चौदा नंबरचं जोडपं

...आणि वर मुलगी मलाच म्हणते, 'बाबा, हळू बोला, सगळे बघतायत!' बघू देत की! म्युझियममध्ये माणसं बघायलाच येतात ना? तुम्हीच सांगा, माझी तक्रार काय फार मोठी होती? हॉटेलची खोली एवढीशी, मी बोललो? नव्या बुटांनी टाच सोलवटली, मी बोललो? नाही! माझं म्हणणं एवढंच होतं, की यंत्रात फॉल्ट आहे!

थांबा, यंत्र कसलं ते सांगतो. तिकडे परदेशात त्या प्राचीन कलेच्या म्युझियममध्ये शिरलं, की काउंटरवरची बाई प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी अडकवते. डबीला हेडफोन. मूर्तीच्या खाली नंबर असतो, तो डबीवर दाबायचा, की कानात एक माणूस बोलायला लागतो, तेही आपल्याला समजेल अशा भाषेत. उत्तम सोय! आई-बाबांना परदेश दाखवायचा म्हणून आमच्या मुलीने सगळं आधीच आखलेलं, बारा दालनं, दोन तास, म्हणजे एकेका राजघराण्याला दहा मिनिटं! तर पहिल्या मूर्तीपुढे मी एक नंबर दाबला, आणि कानात काय? 'हुं हुं, बुं बुं...' माणसाने तोंडात घास कोंबून बोलावं तसं.

आता तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस आहे मी. रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर, काय म्हणाल ते. गिऱ्हाइकाने सेट टेबलावर ठेवून चालू केला, की नुसत्या खरखरीवरून सांगायचो, कंडेन्सर गेलाय. झाकण न उघडता! 'ह्यांचा कान म्हणजे मीटर आहे,' असं बाजारात बोलायचे लोक. तेव्हा निदान काय, लगेच झालं. आवाज आहे, पण ट्रेबल नाही, शब्दांना धारच नाही. गेलो काउंटरवर. ती बाई हसली, दुसरी डबी दिली. परत 'बुं बुं'! परत गेलो. परत हसली. तिसरी डबी. तोच फॉल्ट! म्हटलं, अख्खा लॉटच खराब आहे यांचा, हजारो वर्षांचे दगड सांभाळता येतात आणि कालपरवाची डबी सांभाळता येत नाही?

तेवढ्यात आमची नात, आठ वर्षांची, म्हणाली, 'आजोबा, मी बघू?' हेडफोन कानाला लावला मात्र, झटक्यात काढला. 'आजोबा! केवढा मोठा आवाज! आणि सगळं नीट तर ऐकू येतंय!' मी म्हटलं, 'तुला काय कळतंय त्यातलं? यंत्रात फॉल्ट आहे!' की लगेच मुलगी, 'बाबा, हळू...'

आणि मग ना... कसं सांगू... आमच्या धंद्यात एक नियम आहे. सेट बदलून बघायचा. दुसरा लावला, तोच फॉल्ट, तिसरा लावला, तोच फॉल्ट, मग सेटला हात लावायचा नाही. सेट चांगला असतो, बिघाड घरात असतो. किती जणांना मी हसत हसत परत पाठवलंय, 'काका, सेट ओके आहे, घरचं वायरिंग बघा!' आणि तिथे गळ्यात तिसरी डबी अडकवून उभा असताना मला माझाच आवाज ऐकू आला, काका, सेट ओके आहे.

पण कबूल करणं सोपं आहे का हो? मी मान डोलवायला लागलो. नंबर दाबायचा, 'बुं बुं' ऐकायचं, 'वा! अस्सं!' म्हणायचं. नात विचारते, 'काय सांगितलं आजोबा?' मी म्हणतो, 'फार जुनी आहे.' चुकणार कसं? तिथे सगळंच फार जुनं! तेरा मूर्ती मी अशा काढल्या.

चौदा नंबरला अडकलो. एकाच दगडात कोरलेलं जोडपं, बाकावर शेजारी शेजारी बसलेलं. राजा-राणी नाही, साधीच माणसं. तिचा हात त्याच्या खांद्यावर, मान त्याच्याकडे वळलेली, ओठ जरासे उघडे. त्याचं नाक गेलेलं, तरी चेहरा समाधानी. आमची ही तिथे उभी राहिली ती हलेचना. मुलगी आणि नात पुढच्या दालनात गेल्या. मी चौदा दाबला, मान डोलवली. हिने आपला हेडफोन काढला, माझाही काढला, आणि बरोबर माझ्यासमोर येऊन म्हणाली, 'काय सांगितलं त्याने?'

'फार जुनी आहे.'

'ती त्याला काहीतरी सांगतेय. आणि तो समोर बघतोय.'

'असेल कामात!'

ही हसली नाही. म्हणाली, 'दोन वर्षं झाली, मी तुमच्याशी फक्त कामाचं बोलते. औषध घेतलंत का, दार लावा, गॅस बंद करा. गमतीचं काही, मनातलं काही, ते तीन-तीनदा ओरडून सांगता येतं का हो? दुसऱ्यांदा सांगताना त्यातली गंमत जाते. तिसऱ्यांदा मला रडू येतं. मग मी म्हणते, काही नाही.'

आणि खरंच की हो! 'काय म्हणालीस?' 'काही नाही.' 'अगं, काय म्हणालीस?' 'काही नाही!' दोन वर्षं घरात हेच चाललेलं, आणि मला काय वाटत होतं? बायको वयानुसार शांत झाली! मित्रांना कौतुकाने सांगायचो मी! शरम वाटली हो. लोक ज्या कानाला मीटर म्हणायचे, त्याला घरातला एवढा बिघाड कळला नाही.

मी म्हटलं, 'अगं, यंत्रात...' मग कानावर बोट ठेवलं. म्हटलं, 'ह्या यंत्रात फॉल्ट आहे.'

'माहीत आहे मला,' ही म्हणाली. 'तुम्ही कधी सांगताय त्याची वाट बघत होते.'

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी यंत्र बसवलं, विचारलं, 'आवाज कसा येतोय?' मी म्हटलं, 'ट्रेबल जरा जास्त आहे.' ही शेजारून म्हणाली, 'असू दे तेवढं.'

तेव्हापासून ही बोलतेय. दोन वर्षांचं साठलेलं, ओळीने, एकही गोष्ट न गाळता! मी जेवतोय, ही बोलतेय. मी पेपर वाचतोय, ही बोलतेय. काल जरा दमून विचारलं, 'अगं, अजून किती राहिलंय?' म्हणाली, 'आत्ताशी कुठे तुमच्या बहिणीवर येतेय!'

कानाच्या यंत्राला बंद करायचं बटण आहे हो. मागच्या बाजूला, नखाएवढं. सगळा जन्म अशा बटणांत गेला माझा, डोळे मिटूनसुद्धा सापडेल. पण काय करता... हात काही जात नाही तिकडे.