मीच वाटलेले खोके

मी मूळचा म्हसळ्याकडचा, अब्बा होडीवर, अम्मी सुकी मासळी विकायची, आणि आमच्या घरात पहिला ग्रॅज्युएट मी, तोही प्राणिशास्त्र घेऊन. कॉलेजात प्रॅक्टिकलला झुरळ कापायचं असायचं, तर माझा हात असा साफ चालायचा की सर सगळ्यांना बोलावून म्हणायचे, बघा रे, अस्लमनं एक नस तोडली नाही. त्या सरांचे उपकार मी मरेपर्यंत विसरायचा नाही. त्याच झुरळानं मला बहारीनला आणलं, पेस्ट कंट्रोलमध्ये, आणि आता त्याच झुरळानं... थांबा ताई, नीट सांगतो.

नऊ वर्षं मी इथं एकटा काढली. मग फॅमिली व्हिसा झाला, नसीम आणि आमची झोया आली, झिंज भागात दोन खोल्या घेतल्या. दोन वर्षं सुखाची गेली, आणि या वर्षी झोयाला श्वास लागायला लागला, छातीतून नुसती शिट्टी. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात झुरळं आहेत का, त्यांची घाण, त्यांची कात, त्याची धूळ हिला सोसत नाही. मी मान खाली घातली. मी कामाला कुठं आहे हे मी सांगितलंच नाही हो. बाई म्हणाल्या, घर साफ होत नसेल तर शाळेला सुट्टी लागली की पोरीला गावी पाठवा.

इथलं झुरळ आमच्या प्रॅक्टिकलमधलं मोठं नव्हे, हे बारीक, तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा. मादी अंड्यांची पिशवी पोटाला धरूनच फिरते, त्यामुळे वरून फवारा मारून काही होत नाही, उलट ती पांगतात. लोकांना हे मी रोज सांगतो, बिजागरीत, सिंकच्या खाली विषाच्या जेलचे ठिपके लावतो आणि बजावतो, यावर फवारा मारायचा नाही, खलास. आणि माझ्याच घरात नसीमनं घाबरून खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे किराणा दुकानातून, फवारा आणून मारला, नि किचनमधली सगळी बेडरूमकडे पळाली. मी तिला बोललो, नको तेवढं बोललो. ती रडत म्हणाली, मग आली कुठून ते तरी शोधा की.

म्हणून मी पलंगाखाली वाकलो. तिथं आमचा खोका. गावी न्यायचा खोका, ताई, तुम्हीही इथंच राहता, तुम्हाला माहीतच आहे, वर्षभर त्यात एकेक वस्तू पडत जाते, अम्मीची शाल, साबण, दूध पावडर. खोका उचलला आणि पुठ्ठ्याच्या नळ्या-नळ्यांतून झुरळं वाहायलाच लागली, पाण्यासारखी. आणि मी तिथंच बसलो. कारण तो खोका मीच आणलेला. मीना सलमान बंदरात खाण्याच्या मालाचं एक गोदाम आहे, तिथं मी औषध मारायला जातो, तिथले चांगले जाड खोके वाया जाताना बघवेना, म्हणून दर खेपेला घरी घेऊन यायचो. घरीच काय, बिल्डिंगभर वाटले मी. प्रत्येकाच्या पलंगाखाली माझा खोका.

मग दारोदार गेलो, सांगितलं, चूक माझी, खोके परत द्या. मल्याळी शेजारीण हसली, क्या भाई, डॉक्टर ही बीमार? पण दिला तिनं. सगळ्यांनी दिले. एक राहिलाय. आमच्या भिंतीला लागून गफूरचाचा राहतात, रत्नागिरीचे, या महिन्यात कायमचे परत चाललेत. त्यांचा खोका दोरीनं बांधलेला, वर रंगानं नाव घातलेलं. म्हणाले, अस्लम, बांधलेला सोडायचा नसतो, अपशकुन होतो. तू खुशाल घाल रे बाबा औषध बाहेरून. बाहेरून घालून काय होतंय, आणि तो खोका तिथं आहे तोवर भिंतीच्या भेगेतून ती इकडे येतच राहणार. झोया मला म्हणते, अब्बा, आय डोन्ट वॉन्ट टू गो.

आमच्या घरात मोठी बॅग एकच, चाकांची. सुट्टी लागायला आठ दिवस उरलेत, म्हणून नसीमनं ती काढून पुसून ठेवली होती. काल दुपारी ती मी चाचांच्या दारात नेऊन उभी केली, म्हटलं, चाचा, खोक्यातलं सगळं यात भरा, ही तुमचीच. बॅग अजून त्यांच्या दारातच आहे, आत घेतलेली नाही, परतही दिलेली नाही.

नसीम विचारते, आणि पोरीला पाठवायची वेळ आली तर कशात भरू?

अल्ला चाचांना सुखरूप घरी पोचवो, ताई. भरल्या हातानं पोचवो.