घागरीतला भोंगा

मिरजगावचं कापसाचं जिन बंद पडलं. त्याचा भोंगा लिलावात रंभाजी भंगारवाल्याला सुटला. तो न्यायला आलेला रंभाजी वाट विचारायला एस्टीच्या रांगेतल्या दोन बायांमागं थांबला.

“राहीबाई, भोंगा न्यायला आज मानूस यायचाय म्हनं.”

“येऊ दे की! भोंगा माझ्या कनगीत हाय, ज्वारीखाली.”

“मग बाराला वाजतंय ते काय?”

“आमचं मालक. तीस वर्सं भोंगा वाजवला, आता घागरीत तोंड घालून वाजवत्यात.”

“माझी हरवलेली घागर?”

“आवाज लई झ्याक हाय तिचा!”

तेवढ्यात गावातून आलाच, “भोंऽऽऽ!” स्टँडभर भाकरीची फडकी सुटली.

राहीबाईनं मागं वळून विचारलं, “पाव्हनं, कुन्या कामाला आलाय?”

रंभाजीनं लिलावाची पावती खिशात खोल सारली.

“जेवायलाच. चटनी हाय का?”